ड्रोनला उतरण फुकट नसते

तळोद्याहून धडगावला निघालेली मोटारसायकल चांदसैली घाटात धापा टाकते. परतीला तोच घाट उतरताना चालवणारा गिअर काढतो आणि गाडी न्यूट्रलवर सोडून देतो. ब्रेक तापतात, पण पेट्रोल वाचते. चढण महाग आणि उतरण फुकट, हा हिशेब सातपुड्यातल्या माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. बैलगाडीपासून एसटीपर्यंत तो खरा ठरत आला. म्हणून ड्रोन हातात आला तेव्हा त्यालाही लोकांनी याच हिशेबात बसवले. घोटाळा तिथेच झाला.

नंदुरबार जिल्ह्यात ड्रोन आता नवलाचा राहिलेला नाही. लग्नाच्या वरातीवर तो घोंघावतो, तोरणमाळच्या यशवंत तलावावर पर्यटक तो उडवतात, पिकावर औषध फवारायला तो येतो, स्वामित्व योजनेतली गावठाणाची मोजणीही त्यानेच होते. यंत्राबरोबर त्याची लोकविद्याही पसरते. ड्रोन उडवणाऱ्या कुणाच्याही तोंडून ती ऐकायला मिळते: चढतानाच बॅटरी जाते, म्हणून सिने मोडवर हळूहळू चढव, उतरताना काही लागत नाही, आणि स्पोर्ट मोडला हात लावू नकोस, तो बॅटरी खातो.

यातली पहिली दोन विधाने चूक आहेत. तिसरे अर्धे खरे आहे, आणि अर्धे खरे असल्यामुळेच ते जास्त फसवते.

गफलत कुठे होते ते आधी पाहू. मोटारसायकल थांबली तर रस्ता तिला तोलून धरतो. इंजिन बंद केले तरी ती जमिनीत बुडत नाही. ड्रोनखाली रस्ता नाही. त्याला आपला रस्ता दर क्षणाला स्वतः तयार करावा लागतो. चार पंखे हवा खाली ढकलत राहतात, त्या ढकलण्याच्या उलट दाबावर तो टिकतो. डोक्यावर मोळी घेऊन दारात नुसती उभी असलेली बाई एक पाऊल चालत नाही, तरी तिची मान अवघडते. हवेत एका जागी स्थिर असलेल्या ड्रोनचे तसेच आहे. तो कुठेच जात नसतो आणि बॅटरी मात्र जात असते. पंखा हवेला किती ढकलतो आणि त्याला किती शक्ती लागते, याचे गणित रँकिन या स्कॉटिश अभियंत्याने 1865 मध्ये जहाजाच्या पंख्यासाठी मांडले. हवेतल्या पंख्यालाही तेच लागू पडते.

आता आकडे. डीजेआय या परदेशी कंपनीचा मॅव्हिक 3 घेऊ. फेब्रुवारी 2022 मध्ये परदेशी तयार ड्रोनची आयात सरकारने बंद केली हे खरे, पण या यंत्राचे सगळे आकडे कंपनीने छापलेले आहेत, त्यामुळे हिशेब हवेत राहत नाही. वजन 895 ग्रॅम. बॅटरी 77 वॅट-तासांची. वारा नसताना एका जागी स्थिर राहिला तर 40 मिनिटे. म्हणजे नुसते लटकून राहायला साधारण 115 वॅट लागतात. घरातल्या जुन्या शंभर वॅटच्या पिवळ्या दिव्यापेक्षा थोडे जास्त.

तीन मोडमधले त्याचे उभे वेग असे: सिने मोडमध्ये चढण आणि उतरण दोन्ही सेकंदाला 1 मीटर. नॉर्मलमध्ये दोन्ही 6 मीटर. स्पोर्टमध्ये चढण 8 मीटर, उतरण मात्र 6 मीटरच. हा शेवटचा 6 लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

ड्रोन नियम 2021 प्रमाणे हिरव्या क्षेत्रात 400 फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे 120 मीटरपर्यंत, वेगळ्या परवानगीशिवाय उडता येते. तेवढी उंची गाठायला खरी चढणावळ किती? 895 ग्रॅम 120 मीटर उचलायला लागणारी ऊर्जा निघते 0.3 वॅट-तास. मोटर, पंखे आणि तारा मिळून निम्मी ऊर्जा वाया घालवतात असे सढळ हाताने धरले तरी 0.6 वॅट-तास. सत्याहत्तरपैकी पाऊणही नाही. ज्या चढणीच्या नावाने एवढी ओरड आहे, तिचा स्वतःचा खर्च बॅटरीच्या एक टक्क्याच्याही आत बसतो.

मग बॅटरी जाते कुठे? चढताना लागणाऱ्या वेळेत. सिने मोडमध्ये 120 मीटर चढायला 120 सेकंद लागतात, आणि त्या दोन मिनिटांत नुसते हवेत टिकून राहण्याचे भाडे होते 3.9 वॅट-तास. चढणावळ मिळवली की साधारण साडेचार. नॉर्मल मोडमध्ये तीच उंची 20 सेकंदांत येते, भाडे 0.6, चढणावळ 0.6, एकूण सव्वा वॅट-तास. स्पोर्टमध्ये 15 सेकंद, आणि बेरीज एकच्या थोडी वर. स्पोर्टच्या वेगात हवेचा विरोधही वाढतो, त्यामुळे नॉर्मल आणि स्पोर्टमधला फरक कागदावर दिसतो तेवढा हातात पडत नाही. सिने आणि नॉर्मलमधला फरक मात्र तिपटीहून जास्त आहे, आणि तो काही किरकोळ गृहीतके बदलून पुसता येत नाही.

थोडक्यात, बॅटरी वाचवायला म्हणून हळू चढणारा माणूस तीच बॅटरी हवेत उभ्या उभ्या वाटून टाकतो.

हा हिशेब ढोबळ आहे, असा आक्षेप लगेच येईल. आहेच ढोबळ. चढताना पंख्यांकडे वरून जास्त हवा येते, त्यामुळे टिकून राहण्याचे भाडे किंचित उतरते; उलट अंगावर वारा घासतो तो खर्च चढतो. या वजाबाक्या-बेरजा केल्या तरी सेकंदाला 1 मीटर आणि 6 मीटर यांतली दरी बुजत नाही. हिशेब दोन मिनिटे विरुद्ध वीस सेकंद असा आहे.

आता उतरणीकडे. न्यूट्रलवाल्यांचा खरा विश्वास इथे बसलेला आहे.

ड्रोन खाली येताना त्याची उंचीची ऊर्जा कमी होते हे खरे. मोटारसायकलची होते तशीच. पण ती ऊर्जा बॅटरीत परत जात नाही. विजेवर चालणाऱ्या बस उतारावर मोटर जनित्रासारखी वापरून थोडी वीज परत मिळवतात. त्या गाड्यांची सवय झालेल्यांना ड्रोनचेही तसेच असावे असे वाटते. हेलिकॉप्टरला निदान एक सोय असते. त्याच्या पात्यांचा कोन वैमानिकाला बदलता येतो, त्यामुळे इंजिन बंद पडले तरी खालून येणाऱ्या हवेवर पाती फिरवत ते जमिनीपर्यंत आणता येते. नेहमीच्या चार पंख्यांच्या ड्रोनची पाती एकाच कोनात घट्ट बसवलेली असतात. मोटर बंद करून तरंगत खाली येणे त्याला जमतच नाही. मोटर बंद केली तर तो दगडासारखा पडतो.

त्याहून वाईट म्हणजे त्याला भरभर उतरूही देता येत नाही. तापीच्या किंवा नर्मदेच्या पात्रात भोवरा पाहिलेल्या माणसाला हे लगेच समजेल. मॅव्हिक 3 स्थिर असताना त्याचे पंखे हवा खाली ढकलतात ती सेकंदाला साधारण साडेचार मीटर वेगाने. ड्रोन त्याच सुमाराच्या वेगाने सरळ खाली यायला लागला, की तो स्वतःच ढकललेल्या हवेत घुसतो. ती हवा पात्यांच्या टोकांवरून फिरून पुन्हा वर येते, पंखे तीच हवा पुन्हा ढकलतात, आणि भोवरा तयार होतो. ड्रोन डुचमळतो, मोटरी जास्त जोर लावतात आणि उचल मिळत नाही. अशा अवस्थेत उतरण्याची वीज स्थिर राहण्यापेक्षा फार कमी होत नाही, कधी वाढतेसुद्धा.

हे काही पुस्तकी भूत नाही. 8 एप्रिल 2000 रोजी अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात मराना येथे व्ही-22 ऑस्प्रे हे उभे उतरणारे सैनिकी विमान फार वेगाने खाली येताना याच भोवऱ्यात सापडले आणि 19 सैनिक मेले. ड्रोन बनवणाऱ्यांनी त्यातून धडा घेतला असो वा नसो, उतरणीचा वेग त्यांनी चढणीपेक्षा जपून ठेवला. स्पोर्ट मोडमध्ये चढण 8 आणि उतरण मात्र 6 का, याचे उत्तर हेच. जुन्या मॅव्हिक 2 प्रोमध्ये तर फरक उघडाच होता: स्पोर्टमध्ये चढण 5 मीटर, उतरण 3 मीटर.

त्या मॅव्हिक 2 चा हिशेब न्यूट्रलवाल्यांसमोर ठेवावा. 120 मीटर चढायला स्पोर्टमध्ये 24 सेकंद. उतरायला 40. वजन 907 ग्रॅम, बॅटरी 59.29 वॅट-तास, स्थिर राहण्याची मुदत 29 मिनिटे. म्हणजे भाडे साधारण 120 वॅट. चढणीचा एकूण खर्च सुमारे 1.4 वॅट-तास येतो, उतरणीचा 1.3 ते 1.4. फुकट समजली जाणारी उतरण जवळजवळ चढणीएवढीच महाग पडली. सिने मोडवर मॅव्हिक 3 ने एक फेरी वर आणि एक खाली केली तर एकूण खर्च सव्वाआठ वॅट-तासांच्या आसपास, म्हणजे बॅटरीचा दहावा भाग. अशा पाच फेऱ्यांत अर्धी बॅटरी संपते, आणि ड्रोन तेवढ्यात कुठे गेलेला नसतो.

तिसऱ्या विधानाला, स्पोर्ट मोडवरच्या आरोपाला, न्याय द्यायला हवा. आडव्या उड्डाणात तो आरोप खरा आहे. एका मर्यादेनंतर वेग वाढवला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि स्पोर्ट मोडमध्ये वाऱ्याविरुद्ध धावणारा ड्रोन बॅटरी अक्षरशः ओततो. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या माथ्यावर पवनचक्क्या उगाच उभारलेल्या नाहीत. या पट्ट्यातल्या डोंगरांवर वाऱ्याला कमी लेखून चालत नाही. शिवाय मॅव्हिक मालिकेत स्पोर्ट मोडला अडथळे ओळखणारे सेन्सर बंद असतात, आणि दरीत, झाडांच्या शेंड्यांजवळ ते बंद असणे म्हणजे पैसे पणाला लावणे. थंडीत अर्धी रिकामी बॅटरी घेऊन पूर्ण जोर लावला तर व्होल्टेज एकदम खाली येते. हिवाळ्यात अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबला दवबिंदू गोठल्याच्या बातम्या येतात. तिथे पहाटे चढताना सबुरी हवीच. पण ही कारणे मोडची आणि परिस्थितीची आहेत. चढणच महाग, या समजुतीला त्यांतून पुष्टी मिळत नाही.

आडव्या उड्डाणातच एक गोष्ट उलटी दिसते, आणि ती उपयोगाची आहे. मॅव्हिक 3 स्थिर राहिला तर 40 मिनिटे टिकतो. ताशी 32 किलोमीटरच्या बेताच्या वेगाने पुढे चालत राहिला तर 46. पुढे जाणाऱ्या पंख्यांना सतत नवी, न ढवळलेली हवा मिळते, म्हणून भाडे आठव्या हिश्शाने उतरते. उतरताना याचा दुहेरी फायदा. सरळ खाली न येता पुढे जात तिरके उतरले तर ड्रोन आपल्याच भोवऱ्यातून बाहेर राहतो आणि विजेचे भाडेही कमी पडते. चांदसैलीचा रस्ता वळणे घेत घेत उतरतो तसाच ड्रोनही उतरवावा. रस्ता बांधणाऱ्यांनी वळणे वेगळ्या कारणासाठी घातली, पण नक्कल करायला हरकत नाही.

उंचीचा आणखी एक आरोप हवेवर आहे. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साधारण 1,150 मीटरवर, नंदुरबार शहर दोनशेच्या आसपास. वर हवा विरळ, म्हणून ड्रोनला जास्त जोर लागतो, असे सांगतात. लागतो. पण किती? तापमान सारखे असेल तर तोरणमाळची हवा नंदुरबारपेक्षा साधारण दहा टक्के विरळ, आणि त्यामुळे हवेत टिकण्याचे भाडे पाच-सहा टक्क्यांनी वाढते. आता मे महिन्यात शहरात पारा 42 अंशांवर गेला की तापलेली हवाही विरळ होते, आणि हिशेब केला तर ती हिवाळ्यातल्या तोरणमाळच्या हवेएवढीच विरळ निघते. म्हणजे ज्याने मे महिन्याच्या दुपारी नंदुरबारमध्ये लग्नाचे चित्रीकरण केले, त्याने बसल्या जागी तोरणमाळच्या उंचीवर ड्रोन उडवला. वर पुन्हा 40 अंश ही मॅव्हिक 3 साठी कंपनीने सांगितलेली वरची मर्यादा. त्या दुपारी बॅटरी लवकर उतरली तर दोष चढणीला देऊ नये.

मोडचा खरा फटका बसतो तो स्वयंचलित मोडमध्ये, आणि त्याबद्दल लोकविद्या गप्प आहे. रिटर्न टू होम घ्या. हा मोड सुरू झाला की ड्रोन आधी ठरवून ठेवलेल्या उंचीवर चढतो, मग घराकडे येतो, मग उतरतो. ही उंची मोजली जाते ती उड्डाणाच्या जागेपासून. तोरणमाळला सीताखाईच्या कड्यावर उभे राहून कुणी ड्रोन 100 मीटर खाली दरीत सोडला आणि परतीची उंची 50 मीटर ठेवली, तर परत येताना त्याला 150 मीटर चढावे लागते. पडद्यावर तेव्हा उणे 100 मीटर लिहिलेले असते, आणि उणे आकड्याची भीती वाटत नाही. बॅटरी अगदीच संपत आली तर हे यंत्र आहे तिथेच उतरायला लागते, आणि तिथे म्हणजे दरीच्या तळाशी. कड्यावरून दरीत उडवणाऱ्याने चढणीच्या खर्चाला भ्यायचे कारण नाही, परतीच्या वेळेला मात्र भ्यावे.

डोंगराळ जमिनीवर मोजणी करताना जमिनीचा उतार पाहून उंची बदलत राहणारा टेरेन फॉलो मोड वापरतात. जमिनीपासूनचे अंतर सारखे ठेवायचे तर धडगाव तालुक्यात त्याला पर्याय नाही. तिथले पाडे एकेका टेकडीवर पसरलेले. हा मोड बॅटरी खातो, अशी तक्रार असते, आणि ती खरी आहे. कारण मात्र वेगळे. उभ्या वेगाच्या मर्यादेमुळे तीव्र उतारावर ड्रोनला आडवा वेगही कमी करावा लागतो, आणि त्याच चौरसाला जास्त मिनिटे लागतात. उपाय कागदावरच करता येतो: उड्डाणाच्या रेघा उतारावर वर-खाली न मारता सारख्या उंचीच्या ओळीत, शेतातल्या बांधासारख्या, आखाव्यात.

या सगळ्याचा प्रश्न लग्नाच्या चित्रीकरणापुरता असता तर एवढा वाद घालायची गरज नव्हती. डिसेंबर 2021 मध्ये पालघर जिल्ह्यात जव्हारहून झाप गावी करोनाच्या लशीच्या 300 मात्रा ड्रोनने नऊ मिनिटांच्या थोड्या वर वेळात पोहोचल्या. त्यानंतर सातपुड्यातल्या पाड्यांसाठीही असे व्हावे, ही मागणी करणे अगदी रास्त आहे. नर्मदाकाठच्या गावांना रस्त्यापेक्षा बोट जवळची. सरदार सरोवराची पूर्ण पाणीपातळी 138.68 मीटर, आणि तोरणमाळ तिच्यापेक्षा हजार मीटर वर. अशा भूगोलात ड्रोनला चढण परवडणार नाही, असे कुणी म्हणाले तर ते ऐकून घेऊ नये. 10 किलोचा ड्रोन हजार मीटर उचलायला 27 वॅट-तास लागतात. निम्मी ऊर्जा वाया गेली तरी 54. या आकाराच्या यंत्राला नुसते हवेत राहायला दीड-दोन हजार वॅट लागतात. म्हणजे सबंध सातपुडा चढण्याचा खर्च दोन मिनिटे घिरट्या घालण्याएवढा. शिवाय औषध खाली न्यायचे आणि रिकाम्या पेटीने वर यायचे, असा सोयीचा योग या खोऱ्यात जुळतो. अशा सेवेच्या निविदेत विचारायचे ते हे: वजन घेऊन सरळ उतरण्याचा सुरक्षित वेग किती, वाऱ्यात किती, आणि परतीला किती मिनिटे शिल्लक राहतात.

वजनाचे महत्त्व फवारणीच्या ड्रोनवर तर लगेच दिसते. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने 15,000 महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना मंजूर केली, तिच्यातून शिकलेल्या ड्रोन दीदी पिकावरून दोन-तीन मीटर उंचीवर उडतात. त्यांच्या कामात चढण-उतरण नावालाच. हवेत टिकण्याची शक्ती मात्र वजनाच्या दीड घाताने वाढते. टाकी भरलेली असताना 25 किलोचा ड्रोन 10 लिटर औषध संपल्यावर 15 किलोचा होतो, आणि त्याला लागणारी शक्ती निम्म्याच्याही खाली येते. त्यामुळे भरलेल्या टाकीने बांधावर घिरट्या घालत जागा शोधणे ही या धंद्यातली सर्वांत महागडी चूक, आणि तिला कुठल्याच मोडची शिफारस वाचवत नाही.

ज्याला हे पटत नसेल त्याने वाऱ्याविनाची सकाळ पाहावी, डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर हिरवे क्षेत्र असल्याची खात्री करावी आणि मोकळ्या मैदानात एक बॅटरी या कामी खर्च करावी. सिने मोडमध्ये 100 मीटर वर आणि 100 मीटर खाली, मग नॉर्मलमध्ये तेवढेच, मग शेवटची उतरण तिरकी. प्रत्येक वेळी पडद्यावरचा टक्का चढण्याआधी, वर पोहोचल्यावर आणि खाली आल्यावर असा तीनदा वहीत लिहावा. सगळे मिळून दहा मिनिटे पुरतात. ती वही घेऊन मग वाद घालायला यावे.